पाय धुण्यापुरतं

पायलने पितळी तांब्या आणि ताट पिशवीत भरलं, क्षणभर थांबली आणि पुन्हा बाहेर काढून ओट्यावर ठेवलं.

"पप्पा, तुमची ड्युटी आहे असं सांगू का मॅडमना?"

"आज सुट्टी आहे माझी. खोटं कशाला बोलतेस?" शिवराम दाढी करता करता म्हणाला.

दाराशी मेथी निवडत बसलेल्या त्याच्या आईने, रमाबाईंनी, मान वर केली. "शिकवायचं सोडून पाय धुवाया लावत्यात. न्यायचं नाय ते ताट."

सगळ्या शाळांना शासनाचा निर्णय आला होता. संस्कार जपायचे म्हणून मुलांनी आईवडिलांचं पाद्यपूजन करायचं. पाय धुवायचे, हळदकुंकू वाहायचं, पायांवर डोकं टेकवायचं आणि त्याचे फोटो वर पाठवायचे. शिवरामच्या घरात मात्र कुणी कुणाच्या पाया पडत नसे. त्याचे वडील नाथा तरुणपणी गावात दुसऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर वाकून उभे राहिले होते. डोंबिवलीत बिऱ्हाड केल्यावर त्यांनी घराला एकच नियम घालून दिला. कुणापुढे वाकायचं नाही आणि कुणाला वाकवायचं नाही. हात जोडून जय भीम, बस.

शिवरामने तोंड पुसलं, पोर शाळेत रिकाम्या हाताने जायला नको म्हणून ताट-तांब्या पुन्हा पिशवीत घातला आणि पिशवी स्वतःच उचलली. मॅडमना काय ते सरळ सांगायचं आणि पोरीला घेऊन परत यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

म्हात्रे मॅडम हॉलच्या दारातच भेटल्या.

"मॅडम, आमच्यात हे चालत नाही."

"कळतं हो मला, दादा," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण वरून आलंय. तुम्ही नुसते बसा. एवढ्या मुलींत ती एकटी पडायला नको."

हे शेवटचं त्याला लागलं. तो रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसला आणि नाइलाजाने बूट काढले. मानपाड्याच्या रंगाच्या कंपनीत इतकी वर्षं काढून टाचांच्या भेगांत निळा रंग कायमचा बसला होता. त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

माईकवर श्लोक सुरू झाला. पायल तांब्या घेऊन समोर येऊन बसली.

"राहू दे," तो पुटपुटला. "फोटो झाला की निघू."

"पप्पा, मला धुवायचेत."

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. पोरीवर सक्ती आहे, असंच तो धरून चालला होता.

"पाया पडायला नाही," ती घाईघाईने म्हणाली. "नुसते धुवायला. आपल्याकडे कुणी पायांना हातच लावू देत नाही."

त्याने खुर्चीखालचे पाय पुढे केले. पायलने कोमट पाणी ओतलं आणि शर्टाची कॉलर घासावी तशी ती अंगठ्याने टाच घासू लागली.

"दुखतं का इथे?"

"नाही गं."

दुखत होतं. हळदकुंकवाची वाटी बाजूला तशीच राहिली.

"आता आईवडिलांच्या चरणांवर मस्तक ठेवा," माईकवरून आवाज आला. हॉलभर डोकी खाली गेली. पायल ताठ बसून राहिली. तिने ओले हात जोडले.

"जय भीम, पप्पा."

"जय भीम," शिवरामनेही हात जोडले. मॅडमनी त्यांच्याकडे वळवलेला मोबाईल खाली घेतला आणि त्या पुढच्या रांगेकडे गेल्या.

घरी आल्या आल्या रमाबाईंनी विचारलं, "वाकली का पोरगी?"

"नाही, आजी."

"मंग एवढा वेळ काय करीत होता?"

शिवराम सरळ ओट्याकडे गेला. त्याने पातेलं गॅसवर चढवलं.

"चहा टाकतोस? मला साखर कमी."

पाणी कोमट झाल्यावर त्याने ते परातीत ओतलं आणि परात घेऊन आईसमोर फरशीवर बसला. रमाबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"हे काय आता? बापाचं बोलणं इसरलास?"

"नाही विसरलो. पाय सोड, आई. पाणी निवेल."

रमाबाईंनी परातीत बोट बुडवून पाहिलं. मग लुगड्याचा काठ किंचित वर घेतला.

"डाव्याला जपून," त्या म्हणाल्या. "लई दिसांपासनं दुखतोय."