दगडावरचे कपडे

नदीकाठच्या पायवाटेनं रास्पबेरी तोडत बुरुलकन डोहापाशी आली आणि थबकली. दगडावर पुरुषाचे कपडे घडी घालून ठेवलेले, वर दाबलेल्या लोकरीची, पांढरी नमद्याची टोपी. कडेचा निळा टाका तिनेच घातलेला.

टोपी तिच्या नवऱ्याची, तेमिरबेकची. पण तो तर घोड्याला नाल ठोकायला म्हणून सकाळीच गेला होता! शिवाय आयुष्याच्या अठ्ठावन्न वर्षांत हा माणूस घोट्याच्या वर पाण्यात उतरला नव्हता. डोहात कुणीच नव्हतं.

"अरे म्हाताऱ्या! कुठायस?"

समोरच्या कड्यावर शहरातली पोरं दोर लावून चढत होती. त्यातल्या एकानं बोटानं खाली दाखवलं. खाली म्हणजे कुठे? तळाशी? टोपली टाकून ती कड्याला वळसा घालून धावली.

पलीकडच्या लहान डोहात तेमिरबेक गळ्याइतक्या पाण्यात हातपाय झाडत होता. कमरेला चढाईचा दोर, दुसरं टोक काठावर उभ्या, त्या चढणाऱ्या पोरांतल्याच एका मुलीच्या हातात.

"पाय मारा आजोबा, पाय! हातांनी काय माश्या हाकलताय?"

बुरुलकनला हसावं की रडावं कळेना. "हे काय चाललंय? घोडा कुठाय?"

"घरीच आहे," तो गटांगळी खात म्हणाला. "नाल ठीक आहेत त्याचे."

मुलीनं त्याला काठाशी ओढलं. तो कुडकुडत, मान खाली घालून म्हणाला, "गेल्या वर्षी शेजारची आसेल बुडत होती. तेव्हाही चढायला आलेल्या ह्याच पोरांनी काढली. मी नुसता उभा. तू म्हणालीस, खांब रोवलाय जणू."

बुरुलकनला काही आठवेना. म्हणाली असेल, दिवसभरात शंभर गोष्टी बोलते ती. आणि हा वर्षभर तेच मनात घेऊन फिरतोय? रागवावं तर कुणावर?

"मला सांगायचं तरी!"

"हसली असतीस."

हसली असती, खरंच.

"आजी, दहा मिनिटं अजून, मग न्या घरी," मुलगी म्हणाली.

तेमिरबेक पुन्हा पाण्यात उतरला. कुणी सांगितलं नव्हतं तरी बुरुलकननं मुलीमागे उभं राहून दोर धरला. "कधी ओढायचं गं?"

"नाहीच ओढायचं. बुडाले तरच."

त्यानं एक हात मारला, दुसरा मारला. तिसऱ्याला डोकं पाण्याखाली गेलं की नुसतं वाकलं, तिला समजेना. तिनं सगळा जोर लावून ओढलं.

"अगं सोड!" तो ओरडला. "पोहतोय मी!"