कोंडलेल्या कागदांचं कपाट

मित्रांनो, माझ्या अंगावरचा गंज पाहून हळहळू नका. मी एक जुनं लोखंडी कपाट आहे. मला तुमची दया नको. माझ्या पोटात राग आहे, तेवढा ऐकून घ्या.

अहिल्यानगरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला आणि वर राखाडी रंग दिला. टेम्पोत आडवं टाकून मला आष्टीजवळच्या एका नर्सिंग कॉलेजात आणलं. कॉलेज विठ्ठलरावांच्या संस्थेचं. विठ्ठलराव म्हणजे बागायतदार, पुढारी आणि संस्थेचे अध्यक्ष. फाटकावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'नफ्यासाठी नव्हे, सेवेसाठी'.

सुरुवातीला मी वर्गात होतो. माझ्यात पुस्तकं असायची आणि मुली हव्या तेव्हा माझी दारं उघडायच्या. दसऱ्याला मला हळदकुंकू लावायच्या, झेंडूची माळ घालायच्या. "आपलं कपाट लई मजबूत हाय," असं कोणी म्हटलं की मला बरं वाटायचं.

मग बंकटनं मला ऑफिसात ओढून नेलं. बंकट हा तिथला हेडक्लार्क. त्यानं पुस्तकं पोत्यात भरली आणि माझ्या कडीला पितळी कुलूप घातलं. त्या दिवसापासून माझ्यात मुलामुलींचे मूळ कागद येऊ लागले. दाखले, गुणपत्रिका, जातीची प्रमाणपत्रं.

स्वप्ना तिथंच मला पहिल्यांदा दिसली. ती मेंढपाळाची मुलगी. वडील धुळाजी कळप घेऊन पार घाटाखाली गेलेले, म्हणून आई सारजाबाई सोबत आली होती.

"फीचं कसं व्हायचं, सायेब?" सारजाबाईनं विचारलं.

"फी सरकार भरतंय तुमच्या पोरीची. तुमी फक्त कागद द्या. तपासतो अन् देतो माघारी," बंकट म्हणाला.

त्यानं कागद तपासले नाहीत. पाहिलेसुद्धा नाहीत. माझ्या खालच्या कप्प्यात टाकले आणि कुलूप लावलं.

स्वप्ना शिकली. रुग्णालयात काम करून आली की पांढऱ्या कपड्यांतच ऑफिसच्या पायरीवर बसून वाचायची. शेवटच्या परीक्षेत पास झाली. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून तिची निवडही झाली. सोमवारी संभाजीनगरला मूळ कागद दाखवायचे होते. न दाखवले तर जागा पुढच्या नावाला जाणार.

ती धावत ऑफिसात आली. बंकटनं मान वरसुद्धा केली नाही.

"सरकारकडून तुझी फी आली न्हाई. आली की कागद मिळतील."

"सर, पण सरकारनं दिली न्हाई यात माझा काय गुन्हा?"

"ते सरकारला विचार."

ती खरंच विचारायला गेली. बीडच्या शिष्यवृत्तीच्या ऑफिसातून परत आली ती थेट बंकटच्या टेबलापाशी. "सर, तिथले सायेब म्हणले, कॉलेजनं तुझं नावच पुढं धाडलं न्हाई. पैसे येणार कुठून?"

बंकटनं चहाचा कप उचलला. "राहिलं असंल एखादं नाव. आता साहेबांचा वाढदिवस हाय, त्यानंतर बघू."

मित्रांनो, त्या माणसाला मी रोज पाहत होतो. एका पोरीचं नाव पुढं पाठवायला त्याला बसल्या जागी जमलं असतं. त्यानं केलं नाही, कारण न केल्यानं त्याचं काहीच बिघडत नव्हतं.

वाढदिवस शनिवारी होता. पटांगणात मांडव, खुर्च्या, हारतुरे. ऑफिसचं दार सताड उघडं होतं, त्यामुळे मला सगळं दिसलं. विठ्ठलराव माइकवर बोलत होते, "गोरगरिबांच्या लेकरांसाठी मी हे झाड लावलं..." आणि फाटकातून धुळाजीची, घाटाखालून परतलेली मेंढरं आत शिरली.

पुढं हातात काठी घेतलेली सारजाबाई, मागं स्वप्ना. मेंढरांनी कुंड्यांतली फुलझाडं खाल्ली, मांडवाची तोरणं ओढली. एक मेंढा थेट पाहुण्यांच्या सोफ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"ए बाई, हे कॉलेज हाय, कोंडवाडा न्हाई!" विठ्ठलराव ओरडले.

"मंग माझ्या पोरीला कावून कोंडलंय?" सारजाबाईचा आवाज माइकशिवाय माझ्यापर्यंत आला. "तिचे कागद तारण ठिवले ना? आता ही मेंढरंबी ठिवा. तुमचं सरकार पैसे देईल तवा न्यायला येते. तवर चारापाणी तुमचं."

मांडवात हशा पिकला. पोरांनी मोबाइल वर धरले. विठ्ठलरावांचं हसू मावळलं. ते तरातरा ऑफिसात आले.

"दे तिचे कागद."

"किल्ली घरी ऱ्हायली, साहेब," बंकट चाचरला.

"मंग तोड बे!"

बंकटनं पहार आणली. पहिल्या घावानं माझी कडी वाकली, दुसऱ्यानं दार फाटलं. मला वेदना झाली नाही. मी इतका खूश कधीच नव्हतो! तोंड उघडताच मी सगळे कागद त्यांच्या पायांवर ओकून टाकले.

"फक्त हिचेच काढ!" विठ्ठलराव गरजले.

पण स्वप्ना गुडघ्यांवर बसली होती. आपले कागद छातीशी धरून ती बाकीच्यांची नावं मोठ्यानं वाचू लागली. "योगिता! अंगद! वैष्णवी!" दारात पोरांची झुंबड उडाली. एकेक हात पुढं आला आणि कागद घेऊन गेला. इतक्या मोबाइलसमोर त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही.

"राजनंदिनी!" स्वप्नानं पुकारलं. कोणी पुढं आलं नाही.

"ती उसाला गेली," मागून एक मुलगी म्हणाली. "कागदाविना तिची नोकरी हुकली. आईबापासंगं कोयता धरलाय तिनं."

स्वप्नानं ते कागद आपल्या पिशवीत ठेवले. सोमवारी ती संभाजीनगरला पोचली आणि आता सरकारी दवाखान्यात काम करते. राजनंदिनीला तिचे कागद मिळाले, पण गेलेली जागा मिळाली नाही. त्याबद्दल बंकटला कोणी जाब विचारला नाही. विठ्ठलरावांनी 'विद्यार्थ्यांना कागद परत' अशी बातमी छापून आणली, वर स्वतःचा फोटो.

मी आता जिन्याखाली पडलो आहे. माझ्या जागी नवं कपाट आलं आहे. त्याला आकड्यांचं कुलूप आहे, म्हणजे किल्ली घरी राहायची भीती नाही. ते भरत चाललं आहे.

मला रंग द्या, बिजागऱ्यांना तेल घाला, असं मी म्हणणार नाही. मला भंगारात घाला. पण मित्रांनो, मूळ कागद हातातून सोडू नका. कोणी "तपासायला ठेवा" म्हणालं तर म्हणा, "माझ्यासमोर तपासा." आणि तरीही ते आत गेलेच, तर ऑफिसच्या खिडकीपाशी एकट्यानं रडत उभं राहू नका. त्या पाषाणांना रडणं ऐकू येत नाही. गाव घेऊन या.