शून्य नंबरचा ब्रश

माझ्या हातचं काम हलत नाही, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की शेवटी मलाच ते खरं वाटायला लागलं. मी गवंडी. चाळीस वर्षं थापी धरली. आम्ही राहतो ती चार मजली इमारत अठ्ठावीस वर्षांपूर्वी बांधली तेव्हा मुख्य मिस्त्री मीच होतो, आणि दुसऱ्या मजल्यावरचं घर तेव्हाच घेऊन टाकलं. त्यामुळे नळाच्या वायसरपासून गच्चीच्या गळतीपर्यंत सगळे मलाच विचारतात. म्हणजे विचारायचे.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी लेक. तिला सगळे बारकी म्हणतात. वय सव्वीस, नोकरी कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि घरी येऊन बोटाएवढी भुतं रंगवायची, असा हिचा संसार. भुतं, सांगाडे, कुऱ्हाडवाले बुटके, एक पंख तुटलेला राक्षस. त्यांच्या फौजा करायच्या, मोठ्या टेबलावर डोंगर, पूल, पडके बुरूज मांडायचे आणि फासे टाकून लढाया खेळायच्या. दर रविवारी पाच-सहा जण येतात. चांगली नोकरीवाली, टक्कल पडलेली माणसं. तळमजल्यावर पार्किंगला लागून सोसायटीची खोली आहे, तिथे यांचं युद्ध चालतं. मी म्हणायचो, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.

पण काम बघाल तर खोट काढायला जागा नाही. थर्माकोल तापल्या तारेने कापणार, त्यावर गोंद, गोंदावर चाळलेली वाळू, मग काळ्या रंगाचा हात, मग कोरड्या ब्रशने नुसती कड उजळायची. विटेच्या कपच्यासुद्धा उडालेल्या दिसायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून फिरवायची. मी ओरडायचो, विष खातेस का? ऐकेल तर बारकी कसली.

गेल्या दिवाळीत तिने पडकं शहर करायला काढलं आणि शहराच्या मधोमध आमची इमारत. हुबेहूब. जिन्याचे कठडे, तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंची खिडकीतली मशीन, सगळं. फक्त अर्धी पडलेली.

"राहतं घर पाडून ठेवलंस?" मी म्हटलं. "शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली."

"सगळी नाही पडली, बाबा. पडायला लागलीय," ती म्हणाली.

भिंती थर्माकोलच्या होत्या, पण स्लॅब आणि खांब तिने लॅबमधल्या दातांच्या प्लास्टरचे ओतले होते. उचलायला दोन माणसं लागायची. मी विचारलं, खेळण्याला एवढं वजन कशाला? तर म्हणे, वजन नसेल तर खोटं दिसतं. शेवटच्या लढाईत भुतांच्या फौजेने पार्किंगमधला कोपऱ्याचा खांब जिंकला की तो खाचेतून ओढून काढायचा आणि इमारत खाली येणार. एकदाच. आठ महिन्यांचं काम, आणि एकदा पडलं की संपलं.

तो कोपऱ्याचा खांब रंगवताना ती खाली जाऊन खरा खांब बघायची. त्याला एक उभा तडा होता. तिने त्याचं मापही काढलं होतं, स्वतःच्या पद्धतीने. जानेवारीत म्हणाली, "बाबा, त्या तड्यात शून्य नंबरचा ब्रश जातो." शून्य नंबर म्हणजे डोळ्यातली बाहुली रंगवायचा ब्रश, चार केसांचा. मी हसलो. मार्चमध्ये म्हणाली, "आता एक नंबरचा जातो." मी म्हटलं, गिलाव्याचा तडा आहे, उन्हाने येतो. मे महिन्यात एका सकाळी तिने माझ्या ताटाशेजारी तीन नंबरचा ब्रश ठेवला आणि कामाला निघून गेली.

मला राग आला. खरं सांगतो, भीती नाही वाटली, राग आला. माझ्या खांबाला माझीच पोरगी ब्रश लावून बघते? त्यात सेक्रेटरी आला. त्याला त्याचं घर विकायचं होतं, बघायला माणसं येणार होती. "मिस्त्री, जरा त्या खांबाचं तोंड धुऊन द्या ना," म्हणाला. मी त्याच दुपारी तडा बुजवला, वरून गिलावा ओढला, पुट्टी फिरवली, रंग दिला. लग्नाच्या नवरदेवासारखा खांब. काकूंनी जिन्यात विचारलं, "मिस्त्री, काळजीचं काही नाही ना?" मी म्हटलं, "काकू, माझा शब्द आहे. तुमच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत हलत नाही."

माझ्या उस्तादाने पहिल्या वर्षी एकच गोष्ट शिकवली होती. तडा बुजवायच्या आधी त्याच्यावर काचेची पट्टी चिकटव आणि महिनाभर वाट बघ. काच फुटली तर तडा जिवंत आहे, जिवंत तडा बुजवायचा नाही. हे मी शंभर पोरांना शिकवलं. बारकीला ती सहा वर्षांची असताना सांगितलं होतं. आणि माझ्या स्वतःच्या खांबाला मात्र काच लावायची मला लाज वाटली.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी बारकीला चहाला बोलवायला खाली गेलो. लढाई रंगात आली होती. बारकीच्या इमारतीकडे सहज नजर गेली आणि माझं टाळकं सटकलं. मी बुजवलेला तडा तिने तसाच ठेवला होता. वर आणखी लांबवला होता. खांबातून निघून, पहिला मजला चिरून, तो थेट आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरत होता.

"हे कुठून काढलंस?" मी सगळ्यांदेखत म्हटलं. "आपल्या भिंतीला तडा नाही. उगाच काहीतरी रंगवायचं आणि इमारतीची बदनामी करायची."

बारकीने हातातला सांगाडा खाली ठेवला. "मी नाही ते रंगवत नाही," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातलं कपाट ओढून बघा. पंधरा दिवसांत दोनदा म्हटलं तुम्हाला. कपाट नंतर ओढू म्हणालात."

मी वर गेलो ते तिला खोटं पाडायलाच. आमचं स्वयंपाकघर बरोबर त्या खांबावर येतं. दाराला खांदा लावावा लागला. आठवडाभर ते अडत होतं आणि मी पावसाळी हवेला शिव्या देत होतो. कपाट ओढलं. मागे तडा होता, करंगळी जाईल एवढा. त्याच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवलेली होती. लॅबमधली, पातळ. कोपऱ्यात तिच्या बारीक अक्षरात पंधरा दिवसांपूर्वीची तारीख. काच मधोमध फुटली होती आणि दोन्ही तुकडे एकमेकांपासून सरकले होते.

मी जिना कसा उतरलो आठवत नाही. हातोडा घेतला आणि माझ्या नवरदेवाला एक ठोका दिला. भरीव आवाज यायला हवा, आला ढब्ब. दुसऱ्या ठोक्याला गिलाव्याचा पापुद्रा ताटाएवढा सुटून पडला. आत काँक्रीट नव्हतंच, भुगा होता. गंजून फुगलेल्या सळ्या बाहेर वाकलेल्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि कीर्तन मी लावलेलं.

मग आम्ही दारं वाजवत सुटलो. खेळणाऱ्यांनी आधी बारकीची इमारत फळीसकट उचलून समोरच्या फुटपाथवर नेली. मी ओरडलो, जीव वाचवा, खेळणी कसली वाचवताय? दीड तासात सोळा घरांतली माणसं खाली आली, कुणी टॉवेलवर, कुणी झोपेतून. तोवर अग्निशमनवाल्यांना फोन झाला होता, पण ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला अडकले होते.

आणि इमारत उभी. ऊन पडलेलं, वाळत घातलेले कपडे हलताहेत, काही म्हणजे काही झालेलं नाही. पाच वाजले, साडेपाच वाजले. लहान मुलं रडायला लागली.

"मिस्त्री, गेल्या महिन्यात तुम्हीच पक्कं केलंत ना?" सेक्रेटरी म्हणाला. "मग आज एकदम काय झालं?"

"मी पक्कं नाही केलं. झाकलं," मी म्हटलं. "माझं चुकलं. तडा जिवंत होता आणि मी बुजवला."

हे बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. पण कुणावर परिणाम होईना. अठ्ठावीस वर्षं मी त्यांना सांगत आलो होतो की हलत नाही. तो शब्द त्यांच्या डोक्यात इतका घट्ट बसला होता की आता माझ्याच्याने निघेना. काकू पिशवी काखेला लावून निघाल्यासुद्धा. "मी दिवा लावून येते," म्हणाल्या. "तुम्हीच शब्द दिला होतात, मिस्त्री. आता तुम्हीच घाबरवता?" त्यांच्यामागे सेक्रेटरी, त्याच्यामागे आणखी चार जण.

"काकू, एक मिनिट," बारकी म्हणाली. "तुमची खिडकी बघून जा."

ती फुटपाथवर गुडघ्यांवर बसली होती. काकू वाकल्या. त्यांना त्यांची मशीन दिसली, नखाएवढी, तिच्यावर निळं कापडसुद्धा. त्या हसल्या. बारकीने चिमटा घेतला, कोपऱ्याचा खांब धरला आणि ओढला.

एक क्षण काहीच झालं नाही. मग पहिला मजला खाली गेला, त्याच्यावर आमचं स्वयंपाकघर, त्याच्यावर काकूंचं घर, त्याच्यावर चौथा मजला, ताटं घसरावीत तसे स्लॅब एकावर एक बसले. आठ महिन्यांचं काम गेलं. धूळ उडाली, ती खरी प्लास्टरची. काकू आपली खिडकी शोधत राहिल्या आणि मग पिशवी पोटाशी धरून खाली बसल्या. रस्ता कुणी ओलांडला नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी खरा कोपरा बसला. आवाज मोठा नव्हता. आधी काकूंची खिडकी वाकडी झाली, मग दिसेनाशी झाली, आणि धूळ आमच्यापर्यंत आली. सेक्रेटरी माणसं मोजत होता. पुन्हा पुन्हा मोजत होता.

बारकी तिच्या ढिगाऱ्यात काहीतरी चाचपडत होती. चिमट्याने तिने एक बुटका वर काढला. पांढरी दाढी, डोक्याला माझ्यासारखं फडकं, पाठीला थापी.

"हा मी?" मी विचारलं. "कुठे उभा केला होतास?"

"त्या खांबाशीच. आतल्या बाजूला. बाहेरून दिसायचा नाही."

"गिलावा करत होता?"

"नाही," ती म्हणाली. "पाठ लावून खांब धरून उभा होता. जानेवारीत रंगवलेला. तेव्हा मला वाटत होतं, बाबांना कळलं की ते धरतील."

बुटक्याचे दोन्ही हात खांद्यापासून तुटले होते. मी तो तिच्याकडून घेतला आणि मुठीत धरून बसलो.