दहा लाखाला एक्क्याऐंशी कमी

नृसिंह सरांनी शेवगावात चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि पायरी गाळणाऱ्याला कधी शून्यापेक्षा जास्त गुण दिले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांचा पेन्शनच्या कागदावरच्या क्रमांकावर जीव जडला: ९९९९१९. ही मूळ संख्या, हिला कशानंच भाग जाणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. खात्री करायची तर हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. मोबाईलवर चुटकीसरशी कळलं असतं, पण सरांच्या लेखी ती कॉपी. त्यांनी दोनशे पानी वही आणली आणि उन्हाळाभर भागत बसले.

९८३ पर्यंत दर वेळी बाकी उरली. शेवटच्या दोनच संख्या राहिल्या आणि पानात आमरस आला. आमरसानंतर माणूस झोपतो, भागाकार करत नाही. उठल्यावर सरांनी 'म्हणून ही मूळ संख्या आहे' असं लिहून दुहेरी रेघ मारली.

घराचं नावही तेच ठरलं. त्यांचा जुना विद्यार्थी अंगद, नागापूरच्या एमआयडीसीत वर्कशॉप चालवणारा, स्टीलची पाटी करून देणार होता: वर आकडा, खाली 'अभेद्य'. रविवारी पाटी लागणार, जुनी बॅच जेवायला येणार.

शनिवारी गावात गोधड्या शिवणारी कडूबाई सरांच्या व्हरांड्यात गोधडी दुरुस्त करायला बसली. गोधडी चौरस होती आणि एक कोपरा उंदरानं खाल्ला होता. कडूबाईनं कुरतडलेला भाग कात्रीनं चौकोनी कापून टाकला. सरांच्या पत्नी यामिनीताई नवं कापड आणायला उठल्या.

"ठिगळ कशाला, बाई? हितलीच पट्टी काडायची अन् बाजूला जोडायची. गोधडी जरा लांब व्हती, पर कापड तेवढंच ऱ्हातं."

तिनं भोकालगतची पट्टी कापली, फिरवून शेजारच्या बाजूला लावली. भोक गायब.

सरांचा चहाचा कप वाटेतच थांबला. गोधडी हजार बाय हजारची धरली तर दहा लाख. उंदरानं खाल्लं नऊ बाय नऊ, एक्क्याऐंशी. उरलं ९९९९१९. पट्टी जोडली की एक बाजू ९९१, दुसरी १००९. वर्गांच्या वजाबाकीचं हे सूत्र त्यांनी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. आणि ९९१ ही आमरसात वाहून गेलेल्या दोघींपैकी पहिली.

"कडूबाई, माझं घर फोडलंत तुम्ही."

"मी तर उंदराचं भोक बुजवलं, गुर्जी."

जेवण रद्द करायला सरांनी फोन उचलला, तेव्हा यामिनीताईंनी त्या दोन तुकड्यांना तरी भाग जातो का ते विचारलं. सरांनी दोन्ही संख्या एकतीसपर्यंत तपासल्या. एकतीसदेखील गाळली नाही. दोन्ही मूळ निघाल्या.

"मग दोघांनाही पाटीवर घ्या. घरात तरी एकटे कुठं राहता?" १००९ यामिनीताईंनी न विचारताच स्वतःकडे घेतली.

रविवारी अंगदनं 'अभेद्य'वर स्टीलची पट्टी ठोकली: = ९९१ × १००९. सरांनी पंगतीत आमरसाची सगळी हकिगत सांगितली आणि किती गुण द्यायचे ते अंगदला विचारलं.

अंगदनं पुरी खाली ठेवली. "पायरी गाळली, सर. शून्य."

सरांनी समाधानानं मान हलवली. चौतीस वर्षांत एक तरी पोरगा शिकला म्हणायचा.