मूठ कुणाच्या हाताला

"आत्या, गिऱ्हाइकानं मागितलेली चीज दुकानात नसंल, तर तुमी काय म्हणता?"

माझी सून ईश्वरी हे विचारायला दुकानाच्या पायरीवर येऊन बसली, मांडीवर लॅपटॉप घेऊन. मी कोयत्यांना तेल लावत होते.

"कावून? दुकान चालवायचा इचार हाय का?"

"न्हाई ओ. कंपनीचं काम हाय."

तिचं काम असं. माणसानं मोबाईलला सांगायचं, मला अमुक वस्तू पाहिजे. मोबाईलमधला यांत्रिक मदतनीस देशभरातल्या दुकानांमधून ती शोधून देणार. शोधायचं अवजार कंपनीनं तयार केलंय. ते मदतनिसानं कसं वापरायचं, काय विचारायचं, माल सापडला नाही तर काय बोलायचं, हे ईश्वरीनं लिहायचं. ती जे लिहील ते यंत्र वाचणार आणि तसंच वागणार.

"म्हंजी मुक्या नोकराला बाजार शिकवायचा."

"मुका कशाचा, आत्या. लई बोलतंय ते."

"मंग लिही. न्हाई म्हणू नये. न्हाई म्हणलं की गिऱ्हाईक पायरी उतरतं. कशाला पायजे ते इचारावं. कोयता मागितला तर आधी इचार, बाईच्या हाताला का गड्याच्या? बाईला मूठ बारीक लागती. न्हाईतर ऊस तोडून तोडून तळव्याची साल निघती."

ती भराभरा लिहीत गेली. माझी शाळा दुसरीतच सुटली, आणि माझं बोलणं इंग्रजीत चाललेलं. मी शिरूरभर सांगत सुटले.

मला वाटलं, आता दुकानाला बरे दिवस येतील. बाजाराची रीतच आहे, ज्याच्याकडं धंदा शिकला त्याचं गिऱ्हाईक फोडायचं नाही. आमच्याकडं नोकरीला राहून गेलेला सटवा बीडला मोठं दुकान चालवतो. पण शिरूरचं माणूस दिसलं की अजून म्हणतो, आधी काकूकडं बघून या. यंत्र तर माझ्याकडंच शिकलं होतं.

ऊसतोडणीला जाणारी बाकीची गिऱ्हाइकं एकेक करून तुटली होती. मोठा असा एकटा आश्रुबा मुकादम राहिला होता. अख्ख्या टोळीचे कोयते तो माझ्याकडून न्यायचा. त्याच्या भरवशावर मी लोहाराकडून माल बनवून घेतला होता. यंदा त्यानं नेला नाही तर दिवाळीनंतर गाळा सोडायचा, असं लेकाशी मीच बोलून बसले होते.

दसरा झाला आणि आश्रुबा आला. रस्त्यावर ट्रॅक्टर उभा, ट्रॉलीत बायका, लेकरं, भांडीकुंडी. आश्रुबाच्या खांद्यावर खोकं होतं. त्यानं ते माझ्यापुढं उघडलं. आत कोयते होते. नवे, कागदात गुंडाळलेले.

"मोबाईलवर मागवले, काकू. सस्ते पडले. आन् काय हुशार हाय ते! हे ऐका."

त्यानं मागवतानाचं बोलणं लावून मोबाईल माझ्या कानाशी धरला. एका बाईचा गोड आवाज विचारत होता, "कोयते बाईच्या हाताला हवेत की पुरुषाच्या? बाईच्या हाताला बारीक मूठ बरी पडते."

"असं आजवर तुमीच इचारायच्या!" आश्रुबा कौतुकानं हसला.

ईश्वरी आतल्या दारात उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं.

"आत्या, मला वाटलं न्हवतं..."

"चहा टाक. मुकादम आलेत." मी आश्रुबाकडं वळले. "मंग माज्या दारात कशाला आलाव? खोकं दाखवायला?"

त्यानं टोपी काढली. "भस्म लावून द्या, काकू. तुमच्या हातची रेघ असल्याबिगर बाया कोयता धरीनात."

आम्ही शिवाचे. विकलेला कोयता पायरी उतरायच्या आधी त्याच्या पात्यावर भस्माची रेघ ओढायची, ही माझ्या सासऱ्यांपासूनची चाल. ती रेघ असली की कोयता हाताला लागत नाही, असं लोक मानतात.

"मोबाईलला का न्हाई सांगितलं, भस्म लावून धाड म्हणून?"

"सांगितलं की. ही सेवा उपलब्ध न्हाई म्हणला."

"म्हणलं म्हणा शेवटी न्हाई!"

आणखी लई बोलायचं जिभेवर आलं होतं. पण ट्रॉलीतून वनमाला माझ्याकडं बघत होती. नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिला कोयता मीच निवडून तिच्या हातात दिला होता. आता मांडीवर नातू होता.

एक कोयता उचलला. एखादी तरी खोट सापडावी म्हणून मूठ दाबून, फिरवून पाहिली. बरोबर होती. माझंच माप होतं.

मग भस्माची डबी घेऊन खाली बसले. ईश्वरी चहा ठेवून शेजारी बसली, एकेक कोयता कागदातून सोडवून माझ्या हातात देऊ लागली. आश्रुबानं रेघ ओढलेले कोयते खोक्यात रचले, पाया पडला आणि ट्रॅक्टर माजलगावच्या वाटेला लागला.

भिंतीवर माझे कोयते तेलानं चमकत होते. ईश्वरीनं भस्माची डबी उचलली.

"आत्या, ह्यांना वढू का रेघ?"

"इकल्यावर वढत्यात," मी म्हटलं आणि बोट पदराला पुसलं.