आई म्हणते तसंच

माझ्या थोरल्याच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला. सर्जन म्हणाला, नस तुंबलीय, ऑपरेशन करून रक्ताला दुसरी वाट काढून देतो. पण सिगारेट सुरू राहिली तर तीही तुंबेल आणि पाय जाईल. आधी सिगारेट सोडायचा सल्ला देतात त्या खोलीत जाऊन या.

थोरला चव्वेचाळीस वर्षांचा, लेथवर कामाला. त्या सकाळी मी त्याला दोनदा चूळ भरायला लावली आणि धुतलेला शर्ट घालायला दिला. सून म्हणाली, "आई, त्यांना खरं बोलू द्या. तिथं सुटायला औषध देतात, दंडावर लावायच्या पट्ट्या देतात."

"तू तुझं दूध बघ, उतू जातंय," मी म्हटलं.

खोलीत एक नर्स होती, माझ्या धाकटीच्या वयाची. तिनं त्याला विचारलं, "दादा, दिवसाला किती होतात?"

"सोडल्या त्यानं," मी म्हटलं. "महिना झाला."

"मावशी, त्यांना बोलू द्या ना. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"बाप गेल्यावर इस्त्रीच्या दुकानात उभं राहून एकटीनं वाढवलाय याला. बाहेर बसायला नाही आले मी."

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. त्याच्याकडे वळून म्हणाली, "दादा, इथं कुणी रागावत नाही. ओढत असलात तरी ऑपरेशन होणार आहे. आम्ही फक्त सोडायला मदत करतो."

हे मी कानांनी ऐकलं. तरी माघार घेतली नाही. माझ्या तोंडून गेलेला शब्द मी कधी परत घेतलेला नाही, तो काय त्या पोरीसमोर घेणार होते?

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई म्हणते तसंच."

तिनं कागदावर लिहिलं, सोडली आहे. म्हणजे पट्ट्या नाहीत, औषध नाही. निघताना तिनं त्याच्या हातात फोन नंबरची चिठ्ठी दिली. मी ती काढून घेऊन माझ्या पिशवीत टाकली.

ऑपरेशन चांगलं झालं. आठव्या दिवसापासून तो संडासात अर्धा अर्धा तास बसू लागला. मला वास आला. माझं नाक अजून शाबूत आहे. पण बोलले असते तर त्या खोलीत मी खोटी ठरले असते. तो म्हणाला, पोट बिघडलंय. मी त्याला पोटाच्या गोळ्या आणून दिल्या. तो त्या माझ्यासमोर मुकाट्यानं गिळायचा.

तिसऱ्या महिन्यात पाय गुडघ्याखालून काढला.

आता उजव्यासाठी पुन्हा तीच खोली. नर्सनं मला ओळखलं. तिनं सांगायच्या आधीच मी बाहेरच्या बाकावर बसले. सुनेनं त्याची चाकाची खुर्ची आत नेऊन ठेवली आणि ती औषधांच्या रांगेत गेली. दार नीट लागत नव्हतं.

आत तो बोलत होता. चौदाव्या वर्षी पहिली ओढली, माझ्याच दुकानात, गाठोड्यांच्या मागे. सकाळी डोळे उघडल्यावर पाच मिनिटंही दम निघत नाही. एवढं तो माझ्याशी वर्षभरात बोलत नाही.

नर्स म्हणाली, "सोडायला जमेल असं दहापैकी किती वाटतं?"

"तीन."

मी दोनच इयत्ता शिकले, पण तीन म्हणजे नापास हे मलाही कळतं. तिनं मात्र विचारलं, "तीन का? एक का नाही म्हणालात?"

"आज आई बाहेर बसलीय," तो म्हणाला.

मी पिशवी उचलली आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले, जिथून काही ऐकू येत नाही.