दुखण्याचे एकोणीस शब्द

सरांनी निबंध परत दिला तेव्हा मावशींनी कागद आधी पालथाच धरला. सुलटा करायचा धीर होईना. केला, तर निळ्या शाईपेक्षा लालच जास्त. पहिल्याच ओळीत ‘रुग्णालय’ चुकलं होतं. बावीस वर्षं ज्या पाटीखालून त्या रोज आत जात होत्या, तोच शब्द. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांना मावशी सगळेच म्हणत. रुग्णालयात बेडपॅन उचलणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बाईला मावशी म्हणायची रीतच असते, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गातली पोरं चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला दुसरं काय म्हणणार? लेक नोकरीला लागली, हात थोडा मोकळा झाला आणि इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेली शिकायची हौस उसळून वर आली. बारावी बाहेरून दिली, काठावर निघाल्या. आता सकाळी कॉलेज, दुपारी पाळी. रुग्णालयाच्या नोंदणी विभागात कधी ना कधी जागा निघणार होती, पण तिथे पदवी हवी आणि लिहिणं चोख हवं.

लेकीला हे सगळं अतीच वाटे. वाचणाऱ्याला कळलं म्हणजे झालं, ह्रस्व काय नि दीर्घ काय, असं तिचं म्हणणं.

“चेहरा ओळखू येतो म्हणून कुणी केस न विंचरता बाहेर पडतं का गं?” मावशी म्हणाल्या.

रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जाडजूड शब्दकोश आणला. पुठ्ठा निघालेला, पण पानं शाबूत. रोज दहा शब्द. ओट्यासमोर चिठ्ठी चिकटवायची आणि भांडी घासता घासता घोकायचे. नियम मात्र डोक्यात शिरत नव्हते. ‘मूल’ दीर्घ आणि ‘मुलाला’ ह्रस्व, हे तर अगदीच अन्यायाचं वाटे. शेवटी त्यांनी आपल्यापुरती तोड काढली: मूल एकटं असलं की हातपाय पसरून बसतं, शेजारी कुणी येऊन चिकटलं की अंग चोरतं. त्यानंतर मूल, फूल, सूत यांपैकी काही चुकलं नाही.

एकदा सरांनी वर्गाला सांगितलं, ‘दुखणे’ या अर्थाचे जितके शब्द येतात तितके लिहा. पोरांची गाडी तीन-चार शब्दांवर अडली. मावशींनी खाली मान घातली ती वर केलीच नाही. कळ, ठणका, चमक, सणक, उसण, रग, शूळ, मुरडा, भगभगणे, चुरचुरणे, हुळहुळणे, ठसठसणे... एकोणीस शब्द झाले. त्यातले अकरा चुकीचे लिहिलेले. सर मोठ्याने वाचू लागले तेव्हा आधी मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. दहाव्या शब्दापर्यंत पुढची पोरं मागे वळून मावशींकडे बघू लागली होती.

“हे कुठून आणलेत?” सरांनी विचारलं.

“खाटांवरून,” मावशी म्हणाल्या. “प्रत्येकाचं वेगळं असतं ना, सर.”

सरांनी या खेपेला लाल पेन उघडलंच नाही. शब्दांची त्यांना ददात नाही, आता फक्त त्या शब्दांना नीट कपडे घालायचेत, एवढंच ते म्हणाले. मावशी ते वाक्य घरापर्यंत मनात घोळवत आल्या.

मग वॉर्डात एक म्हातारी आली. पायाला प्लास्टर, शेजारी नवीन डॉक्टर. दुखतंय का म्हणून त्यांनी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा आजी नाही म्हणाल्या. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. मावशी उशी सारखी करत होत्या. त्यांना आजींच्या कपाळावरचा घाम दिसला.

“आजी, रग लागलीय की चमक येतेय?”

“चमक नाही गं बाई. आत सारखं ठसठसतंय कालपासून.”

मावशींनी डॉक्टरांना थांबवलं. ठसठसतं ते बहुधा पू धरल्यावर, एवढंच सांगितलं. डॉक्टर मागे वळले. प्लास्टर कापलं, आणि खाली जखम चिघळलेली निघाली. आणखी दोन दिवस गेले असते तर पायावर बेतलं असतं.

संध्याकाळी डॉक्टर त्यांना शोधत आले. असे शब्द आपल्याला कुणी शिकवलेच नाहीत, तुम्ही लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं. मावशी हो म्हणून बसल्या. तीन दिवस त्यांनी एकेक शब्द शब्दकोशात पाहिला, समोर अर्थ लिहिला, दोनदा कागद फाडला. तिसरा सरांना दाखवला. सरांनी तो दोनदा वाचला, चूक काही सापडली नाही. त्यांनी ‘उसण’वर बोट ठेवलं आणि आपली पाठ चोळत म्हणाले, “याला हे नाव आहे होय.”

नोंदणी विभागातली जागा अजून निघालेली नाही. कागद वॉर्डात डॉक्टरांच्या टेबलाशी लावला आहे. परवा मावशी धुतलेली चादर घेऊन आल्या, तर खाटेशी एक शिकाऊ डॉक्टर मुलगी तोच कागद काढून हातात धरून उभी होती. एकेक शब्द सावकाश वाचून दाखवत होती, आणि डोळे मिटून पडलेला माणूस दर शब्दाला मान हलवून नाही म्हणत होता. सातव्या शब्दाला त्याने डोळे उघडले.

“हां,” तो म्हणाला. “हेच.”

मुलगी लिहून घेऊ लागली. तिचं होईपर्यंत मावशी चादर छातीशी धरून बाजूला उभ्या राहिल्या.